पंक्चर कुठं काढायचं?

खामगावला आगगाडी आली ती १८७० साली. जलंबहून येणारा हा फाटा जेमतेम तेरा किलोमीटरचा, पण त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. एवढ्याशा रुळासाठी एवढा मोठा साहेब आमच्या गावात उतरला तो कापसासाठी. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं, तिकडून मँचेस्टरच्या गिरण्यांना जाणारा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीला एकाएकी भाव आला. त्याआधी आमचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून पार गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जायचा. नेणारे होते बंजारे. त्यांचे तांडे महिनोन्‌महिने वाट चालत.

रूळ पडले आणि हा सगळा व्यवहार बघता बघता आटला. मेहकर-लोणारकडच्या तांड्यांवर आज जी मंडळी कोरडवाहू शेती करतात, हंगामात ऊसतोडीला जातात, त्यांच्या पूर्वजांचा धंदा वाहतुकीचा होता हे आता त्यांच्याच नातवंडांना सांगावं लागतं. बंडीवाल्यांचं मात्र उलटं झालं. लांबचा पल्ला गेला, पण खेड्याखेड्यांतला कापूस खामगावच्या बाजारात आणायला बंड्या लागतच होत्या, उलट जास्तच लागू लागल्या. एकच यंत्र एकाच्या पोटावर आलं आणि दुसऱ्याला पोटाला देऊन गेलं. दोघांपैकी कुणालाही कुणी विचारलं नव्हतं.

विजेच्या गाड्यांवर बोलायचं सोडून हा कवी कापूस आणि बंड्या घेऊन बसला, असं ऐकणाऱ्यांना वाटेल. पण माझं म्हणणं असं, की नवं वाहन दारात उभं राहिलं की आमच्या जिल्ह्यातला माणूस त्यात काय तपासतो, हे इतक्या वर्षांत फारसं बदललेलं नाही. पुढारी पर्यावरणाचं बोलतात, कंपन्या बचतीचं बोलतात. गिऱ्हाईक मान डोलावतो आणि तिसरंच विचारतो : बिघडली तर नीट कोण करणार, आणि तो माझ्या गावात बसतो का?

बंडीचंच बघा. लाकडी चाक म्हणजे मधे तुंबा, त्यात बसवलेले आरे आणि वरून लोखंडी धाव. चाक सुतार घडवायचा, लोहार धाव तापवून चढवायचा. उन्हाळ्यात लाकूड आटून धाव सैल झाली तर चाक पाण्यात भिजत घालायचं, लाकूड फुगलं की काम झालं. सगळी दुरुस्ती गावाच्या वेशीच्या आत. पुढं रबरी टायरची गाडी आली. तिला लोक डनलॉपची गाडी म्हणायचे. बैलाला ओढायला हलकी, ओझं जास्त, रस्ताही कमी उखडतो. बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटचे संचालक असलेल्या एन. एस. रामस्वामी यांनी तर सत्तर-ऐंशीच्या दशकांत बैलगाडीच्या सुधारणेचा ध्यासच घेतला होता. बैलाच्या मानेवरचा भार कमी करा, चाकं सुधारा, देशाचं डिझेल वाचेल, असं ते सांगत. आजच्या भाषेत हे हरित तंत्रज्ञानच झालं.

शेतकऱ्याला हे कळत नव्हतं असं नाही. पैशाची अडचण होतीच. पण जुनी माणसं आणखी एक कारण सांगायची, आणि ते ऐकून मला नेहमी मौज वाटायची : बाभळीचा काटा. आमच्या पांदणीत बाभळी. लाकडी चाकाला काटा लागत नाही, टायरला लागतो. भरल्या बंडीचं टायर पांदीत बसलं तर कुणाच्या बापाला हाक मारायची? म्हणून ज्या गावात सायकलचं पंक्चर काढणारा आधीच बसलेला होता, तिथं डनलॉपची गाडी लवकर रुजली. वैज्ञानिकाच्या अहवालापेक्षा पाण्याचं घमेलं, सोल्यूशनची नळी आणि हवेचा पंप घेऊन झाडाखाली बसलेला तो माणूस जास्त कामाचा ठरला.

टांग्याचंही तसंच. आमच्याकडे तीनचाकीला ‘ऑटो’ म्हणतात. रिक्षा म्हटलं की जुन्या माणसाच्या डोळ्यांपुढं सायकलरिक्षाच येते. या ऑटोच्या आधी स्टेशनाबाहेर टांगे उभे असत. माझे थोरले मामू टांगा हाकायचे. ऑटो आले तेव्हा त्यांना सगळ्यांनी सांगितलं, घोडा विका, कर्ज काढा, ऑटो घ्या. त्यांनी घेतला नाही. म्हणायचे, “घोडा बिमार पड्या तो उसका मूँ बताता. इस डब्बे का मूँ किदर है?” घोड्याचा आजार त्यांना चेहऱ्यावरून कळत होता, नाल ठोकायला नालबंद गल्लीतच होता, चारा बाजारात होता. हे सगळं जग त्यांना पाठ होतं. त्यांच्या मुलानं मात्र आधी एका गॅरेजात दोन वर्षं पान्हे उचलले आणि मगच ऑटोला हात लावला. बापलेकांत भांडण झालं नाही. दोघांचा नियम एकच होता, की जे आपल्याला किंवा आपल्या शेजाऱ्याला खोलता येत नाही त्यावर पोट टाकायचं नाही. नालबंदाचा मुलगा पुढं वेल्डिंगच्या दुकानात गेला.

या ऑटोंच्या धुराबद्दल फार बोलत नाही. पेट्रोलमध्ये रेशनचं निळं घासलेट मिसळून ते किती वर्षं धावले हे आपल्या फुप्फुसांना ठाऊक आहे. मारुती व्हॅनच्या मागच्या सीटखाली घरगुती गॅसचं सिलिंडर ठेवून लोकांनी लग्नाची वऱ्हाडं नेली. तोच माणूस आज विजेच्या स्कूटरकडं बोट दाखवून विचारतो, ही पेट तर नाही घेणार?

आता लूनाची गोष्ट. १९७२ साली कायनेटिकनं लूना आणली. जाहिरातीनं तिला घराघरांत नेलं हे खरं, पण आमच्या भागात ती चालली त्याला आणखी एक कारण होतं. तिला पॅडल होतं. पेट्रोल संपलं तर पॅडल मारत घरी येता येत होतं. शिवाय सायकलवाल्याला ती परकी वाटत नव्हती. चेन, ब्रेकची तार, ट्यूब ही सगळी त्याच्या ओळखीची मंडळी. शाळामास्तर, पोस्टमन, दूधवाले, गावोगाव कपडा विकणारे आमचे फेरीवाले सायकलवरून थेट लूनावर बसले. सायकलच्या दुकानांवर ‘येथे लूना दुरुस्त करून मिळेल’ अशा पाट्या लागल्या, आणि माझ्या मते त्या पाट्यांनीच लूना विकली.

वीज वाहनाला नवी आहे असं मात्र समजू नये. १९०० च्या सुमारास अमेरिकेत मोटारी होत्या त्यांतल्या साधारण एक तृतीयांश विजेच्या होत्या. पेट्रोलची मोटार सुरू करायला पुढचा दांडा हातानं फिरवावा लागे, त्यात मनगटं मोडत. १९१२ मध्ये कॅडिलॅक मोटारीत बटणानं सुरू होणारा स्टार्टर आला, पेट्रोल स्वस्त होत गेलं आणि विजेची मोटार मागं पडली. आपल्याकडं मुंबईत १९०७ साली विजेची ट्राम धावली, त्याआधी ती घोडे ओढत होते. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेची रेल्वे सुटली. १९३० मध्ये आलेल्या डेक्कन क्वीनलाही विजेचंच इंजिन होतं. ट्राम १९६४ मध्ये बंद झाली, तिच्या जागी तारेवरच्या ट्रॉलीबस आणून पाहिल्या, त्याही १९७१ पर्यंतच टिकल्या.

या सगळ्या प्रकरणात विजेला भ्यायलेला गिऱ्हाईक कुठं दिसत नाही. कसा दिसेल? ट्राम बिघडली तर ती कंपनीची डोकेदुखी, लोकल अडली तर रेल्वेची. प्रवाशानं तिकीट काढायचं आणि उशीर झाला तर शिव्या घालायच्या. एसटीची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर रस्त्यावर धावली. बरोबर त्याच तारखेला, २०२२ साली, त्याच रस्त्यावर ‘शिवाई’ ही विजेची बस सुरू झाली. तिच्यात बसणारे बॅटरी कुठली हे विचारत नाहीत, सीट मिळेल का एवढंच विचारतात. वाहन सार्वजनिक असलं की हिरवं तंत्र गुपचूप रुजतं. ते माणसाच्या स्वतःच्या खिशात आणि दारात आलं की खरी परीक्षा सुरू होते.

आमच्या जिल्ह्यात ही परीक्षा पहिल्यांदा २००६ नंतर झाली. शिशाच्या जड बॅटऱ्यांच्या लहान स्कूटर बाजारात आल्या होत्या. वेग ताशी पंचवीसच्या आत, त्यामुळं लायसन लागत नव्हतं, नंबरप्लेट लागत नव्हती. पोरांना शिकवणीला जायला आणि निवृत्त गुरुजींना बाजारात जायला म्हणून लोकांनी घेतल्या. पण ते दिवस आठवा. भारनियमनाचे दिवस! खेड्यांत दहा-दहा, बारा-बारा तास दिवे जात. पिठाची गिरणी कधी सुरू होईल याचं वेळापत्रक बायकांना तोंडपाठ होतं. ज्या गावात पंप चालवायला शेतकरी रात्री दोनला उठून रानात जातो, तिथं गाडीला वीज पाजायची ही कल्पनाच थोडी उद्धट होती. वर दीड-दोन वर्षांत बॅटऱ्या बसल्या. नव्या बॅटऱ्यांचा खर्च ऐकून माणसं गप्प झाली. आमच्या गल्लीतल्या एका गुरुजींनी ती स्कूटर मिस्त्रीकडं ढकलत नेली. मिस्त्रीनं सीट उचलून आत पाहिलं, सीट परत खाली ठेवली आणि म्हणाला, गुरुजी, हे माझं काम नाही, वायरमनला दाखवा. वायरमन म्हणाला, हे गॅरेजचं काम आहे. ती स्कूटर पुढं कितीतरी वर्षं गुरुजींच्या पडवीत कोंबड्यांच्या कामी आली.

‘बॅटरीची गाडी म्हणजे दोन वर्षांचा खेळ’ हे मत लोकांनी जाहिरातीवरून बनवलेलं नाही. त्या पडवीतल्या स्कूटरवरून बनवलेलं आहे. पुढं शिशाची बॅटरी जाऊन लिथियमची आली, ती हलकी आणि जास्त टिकाऊ. हे सांगणारे पुष्कळ आहेत, पण पडवीतली स्कूटर जास्त मोठ्यानं बोलते.

पोटासाठी गाडी चालवणाऱ्याचा हिशेब वेगळा. नागपुरात मे २०१७ मध्ये ओला या कंपनीनं विजेच्या टॅक्सी, ऑटो आणि ई-रिक्षा मिळून दोनशेक गाड्यांचा मोठा प्रयोग सुरू केला. त्याचा गाजावाजा देशभर झाला. वर्षाच्या आत बातम्या आल्या की अनेक चालक टॅक्सी परत करून डिझेलकडं वळताहेत. चार्जिंगसाठी रांगेत तास-तास उभं राहावं लागे, तेवढ्या वेळात दोन-तीन भाडी जात. मालकाच्या लेखी ती चार्जिंगची वेळ असेल, चालकाच्या लेखी ती बुडालेली मजुरी होती. त्याला कुणी प्रगतीचा शत्रू म्हणत असेल तर म्हणो. मला तो चांगला गणिती वाटतो.

याउलट ई-रिक्षा. सातारा जिल्ह्यात फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी यांनी २००० च्या सुमारास बॅटरीवर चालणारी रिक्षा तयार केली होती. सायकलरिक्षा ओढणाऱ्याच्या छातीवरचा ताण जावा, हा त्यामागचा विचार. पण देशभर पसरल्या त्या दहाएक वर्षांनी आलेल्या, चिनी सुट्या भागांवर जोडलेल्या साध्या ई-रिक्षा. कायदा त्यांच्या मागून धावत आला. २०१४ मध्ये दिल्लीच्या उच्च न्यायालयानं त्या बंद केल्या, २०१५ मध्ये संसदेनं कायदा बदलून त्यांना जागा दिली. त्या पसरल्या कारण घरच्या प्लगवर रात्री चार्ज होत होत्या, आणि वेल्डिंगवाला, बॅटरीवाला, सायकलवाला असे तिघे मिळून त्यांतलं जवळजवळ सगळं नीट करू शकत होते. आज देशात नव्या विकल्या जाणाऱ्या तीनचाक्यांत निम्म्याहून जास्त विजेच्या आहेत. दुचाकींत हे प्रमाण २०२४-२५ मध्ये शंभरात सहा-सातच होतं. गरिबाला नवं पटत नाही, असं म्हणणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून बघावेत.

आता आगीचं. मार्च २०२२ मध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली एक विजेची स्कूटर पेटली. त्याची चित्रफीत आमच्या जिल्ह्यातल्या प्रत्येक मोबाइलमध्ये पोचली. त्याच महिन्यात वेल्लोरला विजेच्या दुचाकीच्या आगीत बापलेकीचा जीव गेला. त्यानंतर सरकारनं बॅटरीचे नियम कडक केले. भीती खोटी नव्हती. पण १ जुलै २०२३ च्या पहाटे आमच्याच जिल्ह्यात, सिंदखेड राजाजवळ समृद्धी महामार्गावर एक खासगी बस आदळून पेटली आणि पंचवीस माणसं गेली. ती बस डिझेलची होती. त्या दिवसानंतर कुणी डिझेलची गाडी नको म्हटलं नाही, म्हणणारही नाही. डिझेलला आपण शंभर वर्षं ओळखतो. ओळखीच्या माणसाचा गुन्हा आणि अनोळख्याचा गुन्हा आपण एका तराजूत तोलत नाही. हे बरोबर की चूक याच्यात मी शिरत नाही, पण स्वभाव असा आहे.

समृद्धीवरून आठवलं. राज्य सरकारच्या २०२५ च्या धोरणानं विजेच्या मोटारींना या महामार्गावर टोल माफ केला. चांगलं झालं. पण या रस्त्यावर दुचाकी आणि तीनचाकीला मुळात प्रवेशच नाही, आणि आमच्याकडं वीज पहिल्यांदा आली ती त्याच दोघींत. महामार्ग मेहकर, लोणार, सिंदखेड राजा अशा तालुक्यांतून जातो, टोलमाफी मात्र त्यावरून पुण्या-नागपूरला जाणाऱ्यांची.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती सहसा सांगितली जात नाही. शेगावहून अकोल्याकडं जाताना पारसच्या वीज केंद्राची धुराडी दिसतात. तिथं कोळसा जळतो. आमच्या विजेच्या गाडीचा धूर नाहीसा झाला असं नव्हे, त्यातला बराचसा गावातून उठून पारसला गेला. विजेची मोटर पेट्रोलच्या इंजिनापेक्षा इंधनाचा फार चांगला उपयोग करते, सौर वीजही वाढते आहे, त्यामुळं एकंदर हिशेब विजेच्या बाजूनंच लागतो, हे मला पटतं. शाळेसमोरच्या चौकात उभ्या पोराच्या नाकाला तर आजच फरक पडतो. पण पारसच्या पोरालाही नाक आहे, एवढं लक्षात राहिलं तर बरं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये लूना परत आली, यंदा विजेची. किंमत सत्तर हजारांना दहा रुपये कमी. दोन युनिटांच्या बॅटरीवर एकशेदहा किलोमीटर, असं कंपनी सांगते. सांगितलेलं अंतर आणि मोताळ्याहून पोतं लादून राजूर घाट चढून बुलडाण्याला येणारं अंतर यांत फरक पडणारच, तो धरूनही हिशेब सोपा आहे. पेट्रोल २०२१ पासून शंभराच्या वर गेलेलं. जिथं दोनशे रुपये लागत तिथं वीस-पंचवीस रुपयांची वीज पुरते. भारनियमनही पूर्वीसारखं राहिलं नाही. यावेळी पॅडल नाही, ते असतं तर बरं झालं असतं असं दोन-तीन जुन्या लूनावाल्यांनी मला सांगितलं.

खामगावात गॅरेजांच्या ओळी आहेत, त्यांत आमच्या समाजाची पोरं पुष्कळ. प्लग, कार्बोरेटर, ऑइल बदलणं, बोअर करणं यावर त्यांची घरं चालतात. विजेच्या गाडीत यातलं काहीच नाही. मी त्यांना विचारतो तेव्हा वयस्क मिस्त्री हसून म्हणतात, आमच्या हयातीत पेट्रोल जात नाही. त्यांच्या मुलांचं हसू जरा कमी असतं. त्यांच्या डोळ्यांपुढं बंजारे नसतील, पण नालबंद असावा. कंपन्या कंट्रोलरचं सील तोडू देत नाहीत, सुटा भाग बाहेर विकत नाहीत, गाडी अकोल्याच्या शोरूमला न्या म्हणतात. गावातल्या मिस्त्रीला बाहेर ठेवून गावात गाडी विकायची, हा व्यवहार मला उफराटा वाटतो. तरी यातल्या एकानं मीटर घेतला आहे, फोनवरचे व्हिडिओ बघून रात्री दुकान बंद केल्यावर जुन्या चार्जरची खोलउघड करतो. त्याचे वडील त्याला ‘रेडिओवाला’ म्हणून चिडवतात.

गेल्या पावसाळ्यात एक आशाताई त्याच्याकडं आली होती. तिला विजेची स्कूटर घ्यायची होती, रोज तीन गावं फिरावी लागतात. किंमत, सबसिडी, बॅटरीची वॉरंटी सगळं तिनं दुकानात विचारून झालं होतं. याला तिनं एकच विचारलं : मागच्या चाकातच मोटर आहे म्हणतात, मग पंक्चर झालं तर चाक काढता येतं का, आणि कोण काढतं? त्यानं जरा विचार केला, हात पुसले आणि म्हणाला, “घेऊन या ताई, काढून बघतो.” दिवाळीत तिनं गाडी घेतली.